शेवटचा थांबा तोच

आमच्या घरात माझ्याबद्दल एक जुनी तक्रार आहे: हिला वेळ विचारली तर ही वारा सांगते.

तक्रार खरी आहे. मी एका विमान कंपनीत उड्डाणांचे मार्ग आखते. दोन शहरांमधलं अंतर कुणी विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुठलं अंतर? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं, की विमान प्रत्यक्षात कापतं ते? आणि वेळ म्हणाल तर कुठल्या महिन्यातली, किती उंचीवरची, जातानाची की येतानाची? मी एवढं बोलेपर्यंत विचारणारा माणूस चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत गेलेला असतो. म्हणून घरात मला 'दशांश' म्हणतात. हे नाव आत्याने ठेवलं. मी कॉलेजात असताना तिने विचारलं होतं, भात शिजायला किती वेळ आहे, आणि मी म्हटलं होतं, साडेसात मिनिटं, अधिक-उणे एक.

मी नऊ वर्षांची असल्यापासून आत्याकडे वाढले. ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. एकतीस वर्षं बसली. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "रजाच मिळाली नाही."

त्या खिडकीला काच होती आणि काचेला खाली अर्धगोल भोक. शाळा सुटल्यावर मी आत, तिच्या स्टुलाच्या मागे बसून गृहपाठ करायची आणि बाहेरून येणारे अर्धे चेहरे बघायची. प्रश्न एकच असायचा: गाडी कधी येणार? आत्या त्याचं उत्तर कधीच 'येईल' असं देत नसे. ती म्हणायची, "सातची गाडी आत्ता पुलावर असेल. पुढे फाटकापाशी पाच मिनिटं जातात. पंचवीस मिनिटांत फलाट तीनवर." गाडी उशिरा असली तरी ती उशीर हा शब्द वापरत नसे, गाडी कुठे आहे ते सांगायची. "गाडी उशिरा येते म्हणून माणूस चिडत नाही," ती मला सांगायची. "ती कुठे आहे हे माहीत नसलं की चिडतो."

तिच्या मागच्या भिंतीवर वेळापत्रकं लावलेली असत. प्रत्येकावर खाली सही. सही नसलेलं वेळापत्रक ती लावूनच घेत नसे. त्यात काही बदल झाला तर ज्याची सही त्याने खिडकीला कळवायचं, हा तिथला नियम. कुणी विसरला तर आत्या त्याला फलाटावर सगळ्यांदेखत गाठायची.

छोटी आत्या, म्हणजे आत्याची धाकटी बहीण, लग्न होऊन दूर गेली. किती दूर, तर दोरा ताणून अकरा हजार तीनशे चाळीस किलोमीटर. आधी ती दर तीन वर्षांनी यायची. मग तिच्या यजमानांचं आजारपण आलं. ते गेले आणि पाठोपाठ तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. बहिणी भेटल्याला अकरा वर्षं झाली. दर रविवारी सकाळी नऊला मात्र फोन असे. त्या फोनवर दोघी एकमेकींना काय जेवलीस इथपासून काय काय विसरलीस इथपर्यंत सगळं विचारायच्या.

अशाच एका रविवारी छोटी आत्या म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणाले, वर्ष संपेपर्यंत चेहरे जातील."

फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला होता, मी समोर कणीस सोलत होते. माझे हात थांबले.

"सगळं नाही जाणार गं," छोटी घाईने म्हणाली. "मधला भाग जातो. दार दिसेल, खुर्ची दिसेल. दारातून खुर्चीपर्यंत कोण आलं ते दिसणार नाही. म्हणून म्हणते, यायचं तर आत्ता ये. नंतर आलीस तर मी तुला आवाजावरून ओळखेन, आणि तो तर मी दर रविवारी ऐकतेच आहे."

"व्हिडिओवर बघ की," आत्या म्हणाली. "दशांश लावून देईल."

"बघितलं मागे. त्यात तुझं तोंड टपालाच्या तिकिटाएवढं दिसतं. आणि डोळ्यातला डाग नेमका तेवढाच आहे. बरोब्बर तुझ्या तोंडावर बसतो."

फोन ठेवल्यावर आत्या उठून बेसिनशी गेली आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासू लागली.

अकरा वर्षं आत्या का गेली नाही, याची कारणं मला तोंडपाठ होती. गुडघे. कुंड्यांना पाणी कोण घालणार. शेजारच्या मांजरीला हिच्याच हातचं दूध लागतं. त्या दिवशी मी एकेक कारण हातात घेऊन बाजूला ठेवलं. गुडघ्यांना डॉक्टरांनी मागेच परवानगी दिली होती. कुंड्या मी बघणार होते. मांजरीला मी विचारून आले, असं म्हटल्यावर आत्या हसली, पण 'येते' म्हणाली नाही.

"किती वेळ लागतो?" शेवटी तिने विचारलं.

मी वारा सांगणार होते, पण जीभ आवरली. "तेरा तास पन्नास मिनिटं."

"मधे थांबे किती?"

"एकही नाही. सरळ जातं."

तिने हातातली ताटली विसळून उभी केली. माझ्याकडे पाठ होती. "एकही नाही," ती म्हणाली. "मग मी कुठे आहे हे मला कळणार कसं?"

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आत्याला उंचीची भीती नव्हती, पडण्याचीही नव्हती. एकतीस वर्षं प्रत्येक गाडी कुठल्या मिनिटाला कुठे आहे हे जिला माहीत होतं, तिला चौदा तास स्वतः कुठे आहोत हे माहीत नसणार होतं. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला बसलं की हसू येईल असंच ते होतं. मला हसू आलं नाही.

"सीटसमोर पडदा असतो," मी म्हटलं. "त्यावर नकाशा दिसतो. विमान कुठे आहे ते कळतं."

"पडद्यावर कुणीही काहीही दाखवेल. त्यावर सही कुणाची असते?"

म्हणून मी वेळापत्रक केलं.

दोन संध्याकाळी लागल्या. आमच्याकडे गेल्या पाच वर्षांचे वाऱ्यांचे आकडे असतात. त्या महिन्याची सरासरी काढली, सगळ्यात जास्त वेळा वापरला गेलेला मार्ग घेतला, आणि त्यावर खिडकीतून ओळखता येतील अशा जागा शोधल्या. विमान पश्चिमेकडे जाणार होतं, सूर्याच्या मागोमाग, म्हणजे अख्खा प्रवास उजेडात. मग डेपोच्या नमुन्याप्रमाणे तीन रकाने आखले: थांबा, अंतर, वेळ. सुटणार दहा वाजून दहाला. पन्नासाव्या मिनिटाला नदीचं मोठं वळण. एक तास चाळीस मिनिटांनी डोंगरांची पहिली रांग. तीन तास पाच मिनिटांनी वाळवंट सुरू. साडेचार तासांनी खाऱ्या पाण्याचं सरोवर. मग गव्हाचं मैदान, आठव्या तासाला समुद्र, पुढे एक बर्फाळ बेट, पलीकडचा किनारा. शेवटी तेरा पन्नासला छोटी. तिथे मी शहराचं नाव लिहिलं नाही, 'छोटी' एवढंच लिहिलं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात: 'वेळा साधारण आहेत. मार्ग त्या दिवशीच्या वाऱ्यावर अवलंबून.'

आत्याने चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मान हलवत वाचत होती. तळाशी आली आणि थांबली.

"हे काय आहे? साधारण?"

"आत्या, ते खरंच साधारण आहे. त्या दिवशी वारा कसा असेल ते..."

"मी एकतीस वर्षांत एकदा तरी साधारण म्हटलं का गं? पुलावर पाणी आलं तरी म्हटलं नाही. साधारण वेळापत्रक घेऊन माणूस फलाटावर उभा राहतो का? खोड ते."

"पण ते..."

"खोड आणि सही कर. मग मी जाते."

मी शास्त्र शिकले. मोजलेल्या कुठल्याही आकड्याच्या मागे अधिक-उणे लावल्याशिवाय तो आकडा पुरा होत नाही, हे माझ्या हाडात आहे. पण समोर आत्या होती, तिच्या नाकावर घसरलेला चष्मा होता, आणि 'मग मी जाते' हे शब्द अकरा वर्षांनी तिच्या तोंडून आले होते. मी ती ओळ खोडली. एक रेघ मारून नाही, अगदी वाचता येणार नाही अशी खोडली. आणि खाली सही केली.

आत्याने कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. "खिडकीचं तिकीट काढ," ती म्हणाली. "एकतीस वर्षं खिडकीच्या आतून बाहेर बघितलंय. त्याशिवाय मला बसता यायचं नाही."

जाण्याच्या दिवशी मी तिला पावणेसातला विमानतळावर सोडलं. माझी पाळी सातला सुरू होत होती आणि आमचं ऑफिस समोरच, रस्त्यापलीकडे आहे. आत्याने नवी चप्पल घातली होती, आणि ती चावू लागली तर म्हणून जुनी पिशवीत घेतली होती. दारातल्या शिपायाने तिकीट बघितलं. तिने त्याला विचारलं, "फलाट कुठला?" त्याने न हसता सांगितलं, "बावीस." मला तो माणूस आवडला.

"विमानात फोन बंद ठेवायचा असतो ना?" तिने विचारलं.

"हो, पण ते विमानात. अजून तीन तास..."

तिने तिथल्या तिथे, माझ्यादेखत फोन बंद केला आणि पिशवीच्या तळाशी, जुन्या चपलेच्या खाली ठेवला. "नियम म्हणजे नियम. जा तू, उशीर होईल."

मिठी वगैरे आमच्याकडे नाही. तिने माझ्या खांद्यावरचा धागा उचलला, फुंकून टाकला, आणि आत गेली.

खुर्चीत बसून मी त्या सकाळचे वारे उघडले, तेव्हा मला पहिल्या दहा सेकंदांतच कळलं.

वर, अकरा-बारा किलोमीटर उंचीवर, एक वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो, नदीसारखा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा. म्हणूनच जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. तो पट्टा त्या दिवशी आपली जागा सोडून दक्षिणेला सरकला होता, आणि माझ्या कागदावरच्या वाळवंटापासून समुद्रापर्यंत सगळ्या थांब्यांच्या बरोब्बर डोक्यावर बसला होता. विमानाने त्याच्या तोंडात जायचं नसतं. त्याला वळसा घालायचा असतो. संगणकाने काढलेला मार्ग माझ्या मार्गाच्या सहाशे किलोमीटर उत्तरेने जात होता. अंतर जास्त, वेळ कमी. चौदा तास पाच मिनिटं.

मी जुना मार्गही काढून बघितला. वाळवंट, सरोवर, मैदान, सगळे थांबे जागच्या जागी. चौदा तास छत्तीस मिनिटं. आणि साडेतीन टन इंधन जास्त.

दोन्ही मार्ग पडद्यावर एकाखाली एक होते. आमच्या पाळीचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, चहा घेऊन मागून जात होते. ते थांबले.

"हा खालचा कशाला काढलास?"

"बघत होते."

"काय बघत होतीस? वाऱ्याच्या जबड्यात चाललाय तो." त्यांनी चहाचा घोट घेतला. सरांची नजर मार्गावरून माझ्या तोंडावर आली. "कोण आहे या विमानात?"

"आत्या."

"ती चौकशीवाली? तुझ्या डब्यात चिठ्ठी टाकायची ती? 'डबा बारा चाळीसला खाणे'?"

"तीच."

"मग?"

मी त्यांना वेळापत्रकाचं सांगितलं. साधारण खोडल्याचंही सांगितलं. सरांनी कप माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या टेबलावर दशांश चिन्हानंतर तीन आकडे लिहिणारी बाई घरी जाऊन अशा सह्या करते."

"एकदाच केली."

"एकदाच करतात सगळे." ते पुढे गेले. मला काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. त्या विमानात तीनशे बारा माणसं होती. प्रत्येकाला एकतीस मिनिटं जास्त उडवायचं, साडेतीन टन इंधन जाळायचं, का, तर एका कागदावर माझी सही आहे. मी वरचा मार्ग पाठवून दिला. मग आत्याला फोन लावला. तीनदा लावला. तिन्ही वेळा तो चपलेखाली बंद होता. बावीसवरच्या काउंटरचा फोन कुणी उचलला नाही, आणि पाळी सोडून मला जाता येत नव्हतं.

दहा वाजून बारा मिनिटांनी विमान सुटलं.

आता कल्पना करा. सदतीस ए. काचेला नाक लावून आत्या बसली आहे. मांडीवर कागद. पन्नासाव्या मिनिटाला नदीचं वळण येतं, कारण तिथपर्यंत दोन्ही मार्ग एकच आहेत. एक चाळीसला डोंगर येतात, तेही बरोबर. आत्या मान हलवते. तिचा कागदावर विश्वास बसतो. आणि मग तिथून पुढे सगळं चुकतं. पुढची हजारो किलोमीटर जमीन चुकीची निघते, आणि बाईला आपण कुठे आहोत हे माहीत नाही. ज्या एका गोष्टीला ती घाबरत होती, तीच मी सही करून तिच्या हातात दिली होती.

ज्याची सही त्याने खिडकीला कळवायचं. मी सरांकडे गेले.

"मला विमानात एक निरोप पाठवायचा आहे. वैमानिकाला."

"कामाचा?"

"एका प्रवाशाला चुकीची माहिती दिली गेली आहे. ती दुरुस्त करायची आहे."

"कुणी दिली?"

"मी."

सरांनी पेन खाली ठेवलं. "थोडक्यात लिही. त्याला इतर कामं आहेत."

मी लिहिलं: 'सदतीस ए वरच्या बाईंसाठी. आज गाडी उत्तरेच्या रस्त्याने. वाळवंट, सरोवर, मैदान, बेट गाळले. ३:०० बर्फाचे डोंगर. ५:१० जंगल. ७:४० गोठलेला समुद्र. ११:५५ पलीकडचा किनारा. एकूण १४:०५. शेवटचा थांबा तोच.'

सरांनी वाचलं. "गाडी?" ते म्हणाले. मग म्हणाले, "असू दे. गाडीच."

पावणेबाराला निरोप गेला. बाराला उत्तर आलं: 'मिळाला. केबिनमध्ये जेवण चालू आहे, नंतर सांगतो.' मी दुसऱ्या विमानांची कामं केली. एकाला वादळाला वळसा घातला, एकाचं इंधन दोनदा तपासलं. सव्वा वाजला. कागदाप्रमाणे वाळवंट सुरू. माझा डबा तसाच होता. दीड वाजला. आत्याने डब्यात टाकलेल्या चिठ्ठीवरची वेळ केव्हाच उलटून गेली होती.

एक वाजून पन्नास मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली: 'निरोप दिला. बाई विचारतात, बदलावर सही कुणाची?'

सर माझ्या मागेच उभे होते. ते इतक्या जोरात हसले की पलीकडच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले.

मी उत्तर पाठवलं: 'दशांश.'

पाच मिनिटांनी: 'त्या म्हणतात, ठीक आहे. डबा खाल्ला का विचारतात.'

मी डबा उघडला.

तीनला पाळी संपली. तेव्हा विमान अजून पाच तासांचंही झालं नव्हतं, जंगल येत होतं. पुढची पाळी एका शांत मुलीची होती. तिला मी सगळं नीट सांगितलं, आणि उठून घरी आले. मांजर दारात बसून होती. मी दूध घातलं. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी नाइलाजाने प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. तिकडे आदली संध्याकाळ होती.

"पोचले," आत्या म्हणाली. "चौदा तास दोन मिनिटं. तीन मिनिटं आधी आली गाडी."

"आत्या, तो कागद... माझं चुकलं. ती ओळ मी खोडायला नको होती."

"थांब, आधी ऐक. माझ्या शेजारी एक पैलवानासारखा माणूस बसला होता. हा एवढा. आणि खुर्चीचे हात असे धरून ठेवलेले, जसं काही सोडले तर विमान खाली. मला म्हणाला, आपण कुठे आहोत कुणास ठाऊक. मी म्हटलं, कुणास ठाऊक काय? मला ठाऊक आहे. कागद काढला. नदी सांगितली, नदी आली. डोंगर सांगितले, डोंगर आले. मग पुढच्या रांगेतली बाई वळून विचारायला लागली. मग तिच्या पलीकडचे आजोबा. अर्ध्या तासात सात-आठ जण, गं. खिडकीच उघडली मी तिथे."

"आणि वाळवंट?"

"तेच सांगते. मी सगळ्यांना सांगून बसले, आता दोन मिनिटांत वाळवंट सुरू होणार. सगळे वाकून बघतात तर खाली सगळं पांढरं! पैलवान म्हणतो, बाई, वाळवंट पांढरं कसं? मी म्हटलं, मिठाचं असेल."

मागून छोटी आत्याच्या हसण्याचा आवाज आला. तिने हे निदान चारदा तरी ऐकलं असणार, तरी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी हसत होती.

"पण खरं सांगू," आत्याचा आवाज खाली आला, "मिठाला उंची नसते हे मला कळत होतं. कागदावर एक आणि खाली भलतंच. म्हटलं, गेली गाडी भलतीकडे. पाच-दहा मिनिटं कागद नुसता उलटसुलट केला. मग मनात आलं, मला माहीत नसेना का. खिडकीत दशांश बसली आहे. ती कळवेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि कळवलंस," ती म्हणाली. "मग उठून एकेकाला दुरुस्ती सांगितली. आजोबा झोपले होते, त्यांना उठवून सांगितली. चुकीची माहिती घेऊन माणूस झोपलेला बरा नव्हे."

"दे इकडे, मला बोलू दे," छोटी आत्याने फोन ओढून घेतला. "दशांश, ऐक. सरळ बघितलं की मधे तो डाग येतो. पण मान अशी तिरकी केली ना, की ताई दिसते. दुपारपासून मी तिच्याकडे मान वाकडी करूनच बघते आहे. ती म्हणते, माझ्यावर संशय घेतल्यासारखी काय बघतेस."

"पोलिसासारखी बघते!" मागून आत्या.

"केवढी म्हातारी झालीय गं ही! तू सांगितलं नाहीस कधी. केस पार गेले. गालावरचा तीळ मात्र जागच्या जागी आहे. आणि," तिने आवाज खाली आणला, जणू आत्याला ऐकू जाऊ नये, पण आत्या शेजारीच होती, "हिच्या हनुवटीवर एक पांढरा केस आहे. एकच. तो दिसला मला. तो सुद्धा दिसला, दशांश."

"उपटून टाकते," आत्या म्हणाली.

"हात लावशील तर बघ. मला दिसतोय तोवर राहू दे तो."

थोडा वेळ तिकडे नुसतीच भांडाभांडी ऐकू येत होती. मी खिडकीशी उभी होते. खाली दूधवाल्याची सायकल गेली. मग आत्या पुन्हा फोनवर आली.

"बरं. परतीला किती म्हणाली होतीस? बारा पस्तीस?"

"हो. वारा मागून असतो."

"म्हणजे तुझ्या कागदाप्रमाणे जाताना येताना सव्वा तासाचा फरक. मग तेवढा वेळ मी इथे जास्त बसते. गाडी सव्वा तास उशिरा सोडायला सांग."

"आत्या, तसं नसतं."

"माहीत आहे मला तसं नसतं. सांगून बघ." ती हसत होती. मग नेहमीच्या, काचेमागच्या आवाजात म्हणाली, "महिन्याने निघायचंय. वेळापत्रक करून पाठव. थांबे, अंतर, वेळ. सही विसरू नकोस."

"करते," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "पण आत्या, खाली ती ओळ लिहीन मी."

मला दिसत नव्हतं, पण ती चष्मा वर सरकवत असणार.

"लिही," ती म्हणाली. "साधारण लिही. तू बसलेली असतेस तेव्हा चालतं."